तळ्यातील शंख आणि खडकाचे वय

(शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



"गुरुजी, हा दगड किती वर्षांचा?" असे एखादे मूल विचारते आणि आपण "कोट्यवधी वर्षांचा" असे सांगून मोकळे होतो. परंतु त्याच मुलाने "ते कोणी मोजले?" असे विचारले, की आपण अडखळतो. वास्तविक हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक मोलाचा आहे. आज त्याचाच विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, त्यास भूविज्ञानात दक्षिण ट्रॅप म्हणतात. भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस वेळोवेळी वर आला, पसरला व थिजला. असे थरांवर थर साचले. आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. मात्र हे उद्रेक अखंड चालू नव्हते. मध्यंतरी शांततेचे काळ येत. त्या काळात सखल जागी पाणी साचून तळी बनत, काठी वनस्पती वाढत, पाण्यात गोगलगायी, मासे व बेडूक नांदत. पुढे नवा शिलारस येऊन तळे गाडले जाई. दोन पाषाणथरांमध्ये दबलेल्या या गाळाच्या थरांस अंतरा-ट्रॅपी थर असे नाव आहे.

नागपूरजवळच्या टाकळी येथील अशा थरांतील शंखांचे व वनस्पतींचे वर्णन स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ साली प्रसिद्ध केले. मुंबईतील वरळीच्या टेकडीत सापडलेल्या इवल्याशा बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले होते. या थरांत ठिकठिकाणी आढळणारा फायसा नावाचा शंख ओळखण्यास सोपा आहे. टोक वर व तोंड आपल्याकडे धरले, तर बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे असते. याचे डावीकडे असते.

आता वयाकडे वळू. खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा पहिला नियम मुलांनाही सहज पटतो. परंतु त्यावरून केवळ क्रम कळतो. रांगेत कोण पुढे व कोण मागे हे डोळ्यांना दिसते. जन्मतारीख मात्र शाळेच्या रजिस्टरातच पाहावी लागते. मग खडकांचे रजिस्टर कोणते?

प्रथम जीवाश्मांनाच ते स्थान मिळाले. समुद्रातील जीव दूरवर पसरतात. म्हणून दोन देशांतील थरांत एकच सागरी शिंपला आढळला, तर ते थर समकालीन मानता येतात. गोड्या पाण्यातील जीवांचे तसे नाही. ते आपापल्या तळ्यांत व नद्यांत अडकलेले असतात आणि त्यांची रूपेही दीर्घकाळ फारशी बदलत नाहीत. त्यामुळे तळ्यातील शंखावरून काळ ठरविणे अवघड होते, आणि येथेच विद्वानांत मतभेद झाले. हिस्लॉप यांनी हे थर तृतीय कालखंडातील, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचे, मानले. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनीही १९३४ साली वनस्पतींच्या अवशेषांवरून तेच मत मांडले. इतरांचा कल त्यापूर्वीच्या क्रिटेशस कालखंडाकडे होता. पुढे कच्छमधील अंजार येथे अशाच थरांत डायनोसॉरची हाडे मिळाली आणि त्या पक्षास बळ आले.

वर्षांचे माप मिळाले ते किरणोत्सर्गी मूलद्रव्यांकडून. पाषाणात पोटॅशियम असते. त्याचा एक अल्प अंश किरणोत्सर्गी असून तो ठराविक गतीने क्षय पावतो. १२५ कोटी वर्षांत तो निम्मा उरतो. या क्षयातून काही प्रमाणात आरगॉन वायू निर्माण होतो. शिलारस वितळलेला असताना हा वायू निसटून जातो. तो थिजला की वायू आत कोंडू लागतो व तेथून घड्याळ सुरू होते. मात्र खडक झिजलेला असेल, तर वायू गळून जातो व वय चुकते; म्हणून ताजा, निर्दोष नमुनाच घ्यावा लागतो. थरांमधील ज्वालामुखी राखेत झिरकॉनचे सूक्ष्म कण मिळतात. त्यांतील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून तर वय अधिकच काटेकोर काढता येते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या रीतीने शंखाचे वय मोजले जात नाही; त्याच्या खालच्या व वरच्या पाषाणाचे मोजले जाते. शंख खालच्याहून धाकटा व वरच्याहून वडील, एवढे निश्चित होते. तसेच कार्बन-पद्धती येथे निरुपयोगी आहे. तिची धाव सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतच आहे.

अशा मोजणीवरून दक्षिण ट्रॅपचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी झाले असे दिसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या युरेनियम-शिसे मापनानुसार ते क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीपूर्वी सुमारे अडीच लक्ष वर्षे सुरू झाले व एकंदर साडेसात लक्ष वर्षे चालले. म्हणजे काही तळी डायनोसॉर असतानाची, तर काही ते नष्ट झाल्यानंतरची असू शकतात. दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा काही अंश होता.

मग साहनींचे परिश्रम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी वर्णिलेल्या वनस्पती आजही तशाच प्रमाण आहेत. निष्कर्षात तेवढी दुरुस्ती झाली. पाहिलेले निराळे व त्यावरून अनुमानलेले निराळे, हा भेद मुलांच्या मनावर ठसविणे हे आपले काम आहे. पाठ्यपुस्तकातील आकडा उद्या बदलला, तर अशा मुलाचा विज्ञानावरील विश्वास ढळणार नाही.

गावाजवळच्या रस्त्याच्या खोदाईत थर उघडे पडले असतील, तर सुरक्षित अंतरावर उभे राहून मुलांकडून त्यांचे चित्र काढवून घ्यावे. शंख सापडल्यास तो कोणत्या थरातून निघाला हे आधी लिहून ठेवावे. जागेची नोंद नसलेला शंख मुका होतो. आणि कोणी "हे कोणी मोजले?" असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. त्या दिवशीचा पाठ तेथूनच सुरू करावा.