संगणकाची पडकई

(मढ येथील वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक अहवालात संगणकांची संख्या आणि किंमत छापलेली असते. वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्यामुळे आकड्यांवर आमची श्रद्धा आहे. तथापि आज ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे, तिचा आकडा ताळेबंदात सापडत नाही. आपल्या देणगीतून संगणक आले आणि बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा, औषध भांडार व वॉर्ड यांनी एकाच नोंदीवर काम करावे अशी व्यवस्था झाली. ती व्यवस्था आरंभी चालली नाही. पुढे ती कशी चालू लागली, हे आपणांस सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एका पावसाळी रात्री माळशेजकडील एका गावातून एक वृद्ध गृहस्थ दाखल झाले. त्यांना पेनिसिलिनचे वावडे असल्याची नोंद पूर्वीच्या भेटीत डॉक्टरांनी संगणकावर केलेली होती. वॉर्डातील कागदावर मात्र ती उतरली नव्हती. इंजेक्शन भरण्यापूर्वी सिस्टरांनी आपल्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे रुग्णाच्या पत्नीस विचारले, "आजी, बाबांना कोणत्या औषधाचा त्रास झाला होता का?" त्या माउलीने सांगितले आणि अनर्थ टळला. संगणकास ठाऊक होते. परंतु त्यास कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा मागितला. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, मला ते पान उघडता येत नाही. शिकवायला माणूस आला त्या दिवशी माझी रात्रपाळी होती. एवढी वर्षे नोकरी झाल्यावर विचारायची लाज वाटते." हे उत्तर ऐकून दोष कोणाचा, हे आम्हांस उमगले. यंत्राच्या खरेदीसाठी आम्ही तीन दरपत्रके मागविली होती. शिकण्यासाठी मात्र एकच दिवस ठेवला होता. त्याहून मोठी चूक आमच्याच टेबलावर होती. सर्वांना संगणक वापरा म्हणून परिपत्रक काढणारे आम्ही, रोज सायंकाळी हस्तलिखित नोंदवहीच मागवीत होतो. त्यामुळे प्रत्येकास दुप्पट लिहावे लागे आणि साहेबांचा विश्वास कशावर आहे, हेही न सांगता कळे.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी शेतकरी उतारावरची जमीन फोडून, ताली घालून भातखाचरे तयार करतात. ते काम एकट्या घराचे नसते. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या. या रीतीस पडकई म्हणतात. आमच्या संगणकाचे कामही अखेर त्याच रीतीने मार्गी लागले.

पाळी बदलताना येणाऱ्या व जाणाऱ्या परिचारिकांनी पडद्यासमोर एकत्र बसून प्रत्येक रुग्णाची नोंद वाचावी, असे ठरले. नोंदी करणाऱ्या तरुण लिपिकास त्या सिस्टरांबरोबर जोडून दिले. तो त्यांना पान उघडावयास शिकवू लागला. थोड्याच दिवसांत सिस्टरही त्यास शिकवू लागल्या. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोन वेळा आणि 'टीडीएस' म्हणजे तीन वेळा, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. पैकी दुसरा शब्द त्यास प्राप्तिकरापुरताच माहीत होता! एकास कळफलक येत होता, दुसरीस औषध. नोंद बिनचूक होण्यास दोघांचीही गरज होती. विचारण्याची लाज तेथेच संपली, कारण आता दोघेही विचारणारे झाले होते. आम्हीही त्याच लिपिकाकडून, सर्वांसमक्ष, दैनिक गोषवारा काढावयास शिकलो आणि नोंदवही मागविणे थांबविले.

यात एक घसरणही झाली. मदतीच्या भरात काही हुशार सहकारी इतरांच्या नोंदी स्वतःच करू लागले. एकाच परवलीच्या शब्दावर चौघांचे काम होऊ लागले आणि कोणती नोंद कोणाची, हे कळेना. हात धरून शिकविणे निराळे आणि हातातून काम काढून घेणे निराळे. म्हणून नियम केला, की शिकविणाऱ्याने कळफलकास हात लावावयाचा नाही, केवळ सांगावयाचे. अडचणी व त्यांवरील उपाय यांची एक वही संगणकाशेजारी टांगली. ज्यास अडचण आली त्यानेच, आपल्या शब्दांत, तीत लिहावयाचे. वीज गेल्यास काय करावे, हे पहिल्याच पानावर आहे: कागदावर लिहावे व वीज येताच ज्याने लिहिले त्यानेच संगणकावर उतरवावे. आणि इंजेक्शनपूर्वी नातेवाइकांस विचारण्याचा सिस्टरांचा जुना शिरस्ता कायम राहिला. संगणक आला म्हणून तो सोडावयाचा नाही, हेही वहीत आहे.

हा अनुभव केवळ आमचा नव्हे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. तेथेही उसाचा हिशेब शेतकऱ्यास मिळे तो केंद्रावरील ओळखीच्या चालकाकडून. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. या योजनेत उपचाराच्या मंजुरीची कागदपत्रे संगणकावरून जातात. डॉक्टरांचे निदान, प्रयोगशाळेचा अहवाल आणि रुग्णाची ओळखपत्रे यांपैकी एक जरी राहिले, तरी प्रकरण अडते आणि कुटुंब बाकावर ताटकळते. म्हणूनच संलग्न रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसविलेला असतो. २०१९ मध्ये आरंभ झालेल्या ई-संजीवनी सेवेतही उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतो, तेव्हाच दूरच्या डॉक्टरांचा सल्ला त्यास नीट समजतो. यंत्राशेजारी असे आपले माणूस सर्वत्रच लागते.

आता देणगीदारांस एक विनंती. यंत्राचा घसारा आम्ही दरवर्षी काढतो; शिकण्याच्या वेळेस मात्र खात्यात सदर नाही. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या भगिनीस थांबवून फुकट शिकविणे, हा अन्याय आहे. शिकणाऱ्याच्या जागी दुसरे माणूस उभे करण्यास पैसा लागतो. त्या पैशावर कोणाचे नाव कोरता येणार नाही, आणि अहवालात त्याचे छायाचित्रही छापता येणार नाही. तरीही या खर्चास विश्वस्त मंडळाने मान्यता द्यावी आणि आपण हातभार लावावा. शिवाय प्रत्येक काम किमान दोघांस यावे, एवढा पाठपुरावा आम्ही करू. एकटीच जाणती रजेवर गेली, की तिच्याबरोबर व्यवस्थाही रजेवर जाते.

रुग्णांच्या आप्तेष्टांसही सांगणे आहे. आमचे कोणी सहकारी पडद्याकडे पाहून शेजाऱ्यास काही विचारताना दिसले, तर त्यांस अडाणी समजू नये. ते विचारतात, यातच आपल्या माणसाची सुरक्षितता आहे.

पुढील वर्षी आपण आम्हांस किती संगणक घेतले, असे विचारू नये. किती जणांस येते आणि कोणी कोणास शिकविले, हे विचारावे. त्याचा हिशेब आम्ही देऊ.