कारभाराचा फलक

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये, म्हणून गाडीच्या पुढे जी फळी लावीत, तिचे हे नाव. पुढे मोटारगाडीत त्या जागी वेग व इंधन दाखविणारी यंत्रे बसली. आता सरकारी कारभार संगणकावर आला आणि हा फलक अधिकाऱ्यांच्या टेबलावर येऊन पोहोचला. त्याने आडोसा व्हावे की दर्शक, हाच खरा प्रश्न आहे.

किती संगणक बसविले, किती अर्ज आले, हे मोजणे सोपे. पण त्यावरून नागरिकाचे काम झाले की नाही, हे कळत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१४ पासून अमलात आलेल्या सेवामानकाने चार मापे ठरविली: एका व्यवहाराचा खर्च, नागरिकाचे समाधान, सुरू केलेले काम पुरे होण्याचे प्रमाण आणि संगणकाद्वारे सेवा घेणाऱ्यांचे प्रमाण. यांतील तिसरे माप विशेष मोलाचे. अर्ज अर्धवट टाकून परत फिरलेला माणूस जुन्या नोंदवहीत कधीच उमटत नसे. तो येथे दिसू लागतो.

भारतात जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातील ११२ जिल्ह्यांत महाराष्ट्राचे नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे चार जिल्हे आहेत. ४९ निर्देशकांपैकी आरोग्य-पोषण व शिक्षण यांनाच मिळून ६० टक्के भार दिला गेला. जिल्हा कोठे उभा आहे यापेक्षा तो महिन्याभरात किती पुढे सरकला, यावर क्रम लावला जाऊ लागला. त्यामुळे मागासलेल्या जिल्ह्यालाही पहिले येण्याची आशा राहिली. जिल्ह्यांनी भरलेले आकडे त्रयस्थ पाहणीने पडताळण्याची सोयही ठेवण्यात आली.

ही पडताळणी का हवी? अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनधोरणाविषयी एक इशारा दिला होता: नियंत्रणासाठी वापरले जाऊ लागले की मापाचा भरवसा सुटतो. अर्ज मुदतीत निकाली काढणे एवढेच माप ठरले, तर शेवटच्या दिवशी ‘त्रुटी आहे’ असा शेरा मारून अर्ज परत करणे हाही निकालच ठरतो. फलकावर हिरवा रंग उमटतो आणि दाखल्यासाठी आलेली विधवा मात्र पायरीवरच बसून राहते.

म्हणून मुदतीशेजारी फेटाळलेल्या व परत केलेल्या अर्जांची संख्याही दिसली पाहिजे. मापे थोडी असावीत, प्रत्येकाचा जबाबदार अधिकारी ठरलेला असावा आणि फलक नागरिकालाही पाहता यावा. नाहीतर तो पुन्हा जुनीच फळी होईल: हाकणाऱ्याचे कपडे स्वच्छ, आणि चिखल रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला.