'काल तर ठणठणीत होते!'



माझे मामू पन्नाशीच्या आत गेले. पहाटे छाती जड झाली, दरदरून घाम फुटला. घरात सगळे म्हणाले, ''गॅस असेल.'' सोडा पाजला. दोन तास तसेच गेले. दफनविधीला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, ''काल तर ठणठणीत होते!''

मृत्यूपुढे सबर करावाच लागतो. पण मामू ठणठणीत नव्हते. त्यांचं बीपी कुणी कधी मोजलंच नव्हतं, एवढंच.

हृदयाच्या धमन्यांमध्ये चरबीचा थर तरुणपणापासूनच जमू लागतो. तेव्हा काहीही दुखत नाही. एके दिवशी तो थर फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि रक्त अडतं. अटॅक अचानक येतो, आजार अचानक येत नाही.

हे कळायलाही वेळ लागला. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षं चालू राहिली. वयाबरोबर बीपी वाढायचंच, असं तेव्हा अनेक डॉक्टरही मानत. पुढे नोंदींतून दिसलं, की वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट धोका वाढवतात. २००४ मध्ये ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. म्हणून हे मी तुम्हाला विशीतच सांगतोय.

करायचं काय? तंबाखू सोडा. सिगारेट, गुटखा, मिश्री, सगळंच. रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत तुम्ही तिच्याशिवाय राहताच. मग इफ्तारनंतर पहिली सिगारेट का पेटवायची? सोडल्यावर वर्षभरात हृदयाचा जादा धोका निम्म्यावर येतो. आठवड्यात १५० मिनिटं झपझप चाला. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. लोणचं, पापड, फरसाण यांतलंही त्यातच धरा. दावतीत बिर्याणी खा, पण रोजच्या ताटात भाजी आणि डाळ वाढवा.

आणि मोजा. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार आलं, तर डॉक्टरांकडे जा. बरं वाटतंय म्हणून किंवा रोजा आहे म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना विचारा.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, दम लागणं, यांपैकी काही जाणवलं तर सोडा शोधू नका. १०८ ला फोन करा. बायकांमध्ये कधी छाती दुखतच नाही. नुसती धाप आणि कमालीचा थकवा असतो. अम्मी ''काही नाही, दमलेय'' म्हणाली, तरी ऐकू नका.

शेवटी एकच काम देतो. या रविवारी अब्बांचं बीपी मोजून आणा. अम्मीचं आधी.