अपभ्रष्ट नावाचा माग

जुन्या चित्रफितींचे भांडार आज घरोघर खुले झाले आहे. परंतु त्या भांडाराची किल्ली म्हणजे नाव. आणि नावच मोडके असेल, तर दार उघडत नाही. समजा, एखाद्या तरुणाला आपल्या आजोबांनी पूर्वी पाहिलेला अनुबोधपट हुडकून काढावयाचा आहे. आजोबांना आठवते एवढेच : ‘अंबिका, दत्त, धारवार, कवी’. तेवढेच शब्द रोमन लिपीत लिहून शोध घेतला, तर देवीच्या आरत्या आणि दत्ताची भजने यांचीच रांग समोर उभी राहावी, यात नवल नाही.

येथे केवळ यंत्राला दोष देऊन भागणार नाही. धारवाडातील ‘ड’ इंग्रजांच्या कानाला ‘र’सारखा लागला आणि त्यांच्या दप्तरांत गावाचे नाव ‘धारवार’ असे रूढ झाले. नावे उच्चारावरून जुळविण्याची ‘साउंडेक्स’ नावाची पद्धती अमेरिकेत निघाली. तिचे पेटंट रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली मिळाले. तिच्या नियमांप्रमाणे धारवाडचा संकेतांक डी-६३० येतो, तर धारवारचा डी-६६०. गाव एकच, पण यंत्राच्या लेखी दोन!

मग माग काढावा कसा? प्रथम तो शब्द मोठ्याने उच्चारावा आणि देवनागरीत लिहून पाहावा. ‘अंबिका’ आणि ‘दत्त’ यांच्यामधला गळालेला दुवा सापडला, की ‘अंबिकातनयदत्त’ हे नाव उभे राहते. अंबिकेचा पुत्र दत्त, म्हणजेच थोर कन्नड कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. ते मराठीतही लिहीत, सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात त्यांनी १९४४ ते १९५६ या काळात कन्नडचे अध्यापन केले.

तरीही केवळ ‘बेंद्रे’ म्हणून शोधू गेल्यास दुसरा घोटाळा संभवतो. चित्रकार ना. श्री. बेंद्रे निराळे आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे निराळे. म्हणून नावाला साल आणि स्थळ यांची जोड हवी. गिरीश कार्नाड यांनी कवी बेंद्रे यांच्यावर अनुबोधपट केला तो १९७२ साली. कवींचा जन्म १८९६चा. तेव्हा पडद्यावर पंचाहत्तरी ओलांडलेला वृद्ध दिसला पाहिजे. श्रेयनामावलीत कार्नाडांचे नाव आढळले पाहिजे. चित्रफितीवर कोणी परक्याने चिकटविलेला मथळा हा पुरावा नव्हे. आतील साक्षी जुळल्या, तरच ओळख पटली असे म्हणावे.

आणि यंत्र थकले, तर माणसास विचारावे. धारवाडच्या सुभाष रोडवर १९३३ साली स्थापन झालेली मनोहर ग्रंथमाला आहे. कार्नाडांचे ‘ययाति’ नाटक १९६१ साली तिनेच प्रकाशित केले. अशा ठिकाणी ज्यांचा वावर झाला, त्या जुन्या वाचकांना ‘अंबिका’ म्हणताच पुढचे नाव सुचते. कोणत्याही सूचीत न सापडणारा दुवा त्यांच्या स्मरणात असतो.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी’ या नावाने निघाल्या होत्या. ज्यास हे ठाऊक नाही, त्याच्यापुरता त्या गायिकेचा तरुण आवाज मुकाच राहिला. नाव हरवले, की कलावंताचे काम हातात असूनही हरवते. आणि चुकीचे नाव चिकटले, तर एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरी पडते. ज्यांना चेहरे ओळखता येतात अशी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी एखादे वेडेवाकडे नाव उच्चारले, तर हसू नका. जसे ऐकले तसेच, साल आणि गावासह, आजच लिहून ठेवा. माग तेथूनच लागतो.