डोंगरवाटांसाठी अक्षयनिधी

(शनिशिंगणापूर येथे समाजबांधव व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वतीने दरवर्षी वह्या-पुस्तके वाटली जातात, गुणवंतांचा सत्कार होतो, एखाद्या गरजू विद्यार्थ्याची वसतिगृहाची फी भरली जाते. हे कार्य मोलाचे आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. त्यात एका गोष्टीची भर घालावी, एवढी विनंती करण्यासाठी आम्ही आज उभे आहोत. आपल्या मुला-मुलींना पदभ्रमण, गिर्यारोहण आणि साहस-शिबिरे यांसाठी मदत करणारा एक छोटा निधी मंडळाने उभारावा.

काही ज्येष्ठ मंडळी लगेच विचारतील, "पोटाला चिमटा काढून शिकणाऱ्या पोरांना हे डोंगर चढण्याचे खूळ कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

इथून घोडेगावला जाऊन छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरला आणि शहर ओलांडून वेरूळकडे निघाले, की दौलताबादचा किल्ला लागतो. 1934 साली परमपूज्य बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता तो किल्ला पाहण्यासाठी थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले हात-पाय-तोंड काहींनी दाराजवळच्या हौदाच्या पाण्याने धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवल्याचा गिल्ला झाला, जमाव जमला. अखेर किल्ला पाहू दिला, पण सोबत हत्यारी शिपाई देऊन. आत कुठे यांचा पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून! परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या आणि गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू मांडून आलेल्या महापुरुषाची ही सहल. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या पुस्तिकेत 1990 साली प्रसिद्ध केली.

बंधू-भगिनींनो, याचा अर्थ असा की साधी सहलसुद्धा आपल्या वाडवडिलांच्या हक्काची नव्हती. 1927 चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठी होता, तसाच सार्वजनिक जागेत ताठ मानेने वावरण्यासाठीही होता. म्हणून आपला मुलगा किंवा मुलगी किल्ल्यावर, शिखरावर आनंदाने उभी राहते, तेव्हा ती चैन नसते. तो मिळवलेल्या हक्काचा वापर असतो. न वापरलेला हक्क कागदावरच राहतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. त्याचेही उत्तर आपल्याच वारशात आहे. तथागतांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी गावोगाव फिरण्याची शिकवण दिली. मात्र पावसाळ्यात एका जागी वर्षावास करायचा. त्यासाठी डोंगरात लेणी कोरली गेली. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी 3000 कार्षापणांची कायमची ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. 2000 दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या 2000 चे व्याज वर्षाला 240 होते, आणि वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे असे त्यात लिहिले आहे. वीस गुणिले बारा, बरोबर 240! बँकेत आकडेमोड करण्यात आमचे आयुष्य चालले आहे, पण इतका चोख हिशोब पाहून आम्हालाही कौतुक वाटते. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत.

असाच विचार सातासमुद्रापलीकडेही झाला. 29 मे 1953 रोजी तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. तेनझिंग हे बौद्ध. मोहिमांची ओझी वाहणारा हमाल म्हणून त्यांनी सुरुवात केली होती. पुढे दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत त्यांनी तरुणांना शिकवले. त्या मोहिमेतून उरलेला पैसा आणि तिच्यावरील पुस्तक व चित्रपट यांचे उत्पन्न ब्रिटनमधील आयोजकांनी वाटून घेतले नाही. त्यातून 'माउंट एव्हरेस्ट फाउंडेशन' हा धर्मादाय निधी उभा राहिला. त्याने आजवर शेकडो छोट्या मोहिमांना अनुदान दिले आहे.

आणि संधी मिळाली की आपली मुले काय करतात तेही पाहा. 25 मे 2014 रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील समाजकल्याण निवासी शाळांचे दोन विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. एक निजामाबाद जिल्ह्यातील आदिवासी मुलगी मालावत पूर्णा, वय 13 वर्षे 11 महिने. दुसरा खम्मम जिल्ह्यातील दलित मुलगा आनंद कुमार. भुवनगिरीच्या खडकावर त्यांचा सराव झाला होता. आपल्या महाराष्ट्रातही आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे 2018 मध्ये एव्हरेस्टवर गेले. ही मुले काही वेगळ्या मातीची नव्हती. कोणीतरी त्यांच्यासाठी बूट, दोर आणि शिक्षक यांची तरतूद केली, एवढाच फरक.

आपल्याला एव्हरेस्टपासून सुरुवात करायची नाही. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर आहे, कळसूबाई, 1646 मीटर. शेजारी रतनगड आहे. त्याच डोंगरांत उगम पावलेली प्रवरा आपल्या नेवासे तालुक्यात येऊन प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. ज्या नदीचा संगम आपल्या घराजवळ आहे, तिचा उगम आपल्यापैकी किती विद्यार्थ्यांनी पाहिला आहे?

आता निधी कसा चालवावा, ते सांगतो. शंभर सभासदांनी महिन्याला पन्नास रुपये दिले, तर वर्षाला 60,000 रुपये होतात. त्यातील निम्मी रक्कम मुदत ठेवीत ठेवावी आणि मुद्दलाला हात लावू नये. उषवदाताला मिळाले तेवढे व्याज आज मिळत नाही, म्हणून उरलेली निम्मी वर्गणी त्या-त्या वर्षी खर्च करावी. पहिल्या वर्षी कळसूबाईची एक मोहीम. पुढे दरवर्षी एक मुलगा व एक मुलगी निवडून त्यांना दार्जिलिंग किंवा उत्तरकाशीच्या संस्थेतील प्राथमिक अभ्यासक्रमासाठी मदत.

चांगले बूट व पाठपिशव्या मंडळाने विकत घ्याव्यात आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांप्रमाणे पाळीपाळीने द्याव्यात. फाटक्या चपला हे घरी थांबण्याचे कारण होता कामा नये. प्रशिक्षित मार्गदर्शक, पालकांची लेखी संमती, विमा व प्रथमोपचाराची पेटी यांशिवाय एकही तुकडी निघू नये. धो-धो पावसात तर नाहीच. साहस आणि बेफिकिरी यांत फरक आहे. आपल्या गरीब घरांना एकही पोर गमावणे परवडणारे नाही.

निवड करताना केवळ गुणपत्रिका पाहू नका. पहिल्या आलेल्याचा सत्कार आपण करतोच. जो मागच्या बाकावर बसतो, चारचौघांत बोलायला घाबरतो, त्यालाही हे दार उघडे असावे. मुलींची संख्या निम्म्याहून कमी नसावी.

हे गाव घरांना कडी-कुलूप न लावण्याच्या प्रथेसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. 2011 साली इथे युको बँकेची बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा तिची देशभर चर्चा झाली. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याकडे. आम्ही त्यातून एवढेच घेतो, की आपल्या निधीच्या हिशोबालाही कुलूप नसावे. जमाखर्च दर तीन महिन्यांनी विहाराच्या फलकावर लावावा. सचोटी असली की दाते आपोआप मिळतात.

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांना किल्ला पाहताना पहाऱ्यात चालावे लागले. तुम्ही मोकळे चाला, उंच चढा आणि खाली आलात की पुढच्या तुकडीचे बूट स्वच्छ करून ठेवा. मंडळाने हा ठराव आजच घ्यावा, ही नम्र विनंती. पहिल्या वर्षाची आमची वर्गणी आम्ही आताच खजिनदारांकडे देत आहोत.

नमो बुद्धाय! जय भीम!