खुर्ची : मानाची आणि कामाची



व्याख्यानमालेत खुर्ची हा विषय निघाला म्हणजे श्रोते राजकारण ऐकण्याच्या तयारीने सावरून बसतात. आज त्यांची निराशा होणार आहे. खुर्ची मिळविणारे आणि गमावणारे यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलावयाचे आहे ते खुर्चीवर नुसते बसणाऱ्यांविषयी. सकाळी कामाला बसून संध्याकाळी कंबर धरून उठणाऱ्यांविषयी.

आपले नागपूर अशा माणसांचे शहर आहे. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झाले आणि कचेऱ्या वाढत गेल्या. १९५६ साली राजधानीचा मान गेला. पण उच्च न्यायालयाचे खंडपीठ, महालेखापालांची कचेरी, बँका, विद्यापीठ ही सारी राहिली. आता मिहानमध्ये संगणकापुढे बसणाऱ्या तरुणांची त्यात भर पडली आहे. टाक गेला, टंकयंत्र गेले, संगणक आला. बसणे मात्र कोणाला चुकले नाही.

पूर्वी पेढीवरचा मुनीम गादीवर बसे. पुढे उतरते मेज, पाठीशी तक्का. त्या बैठकीचा एक गुण आपल्या ध्यानात येत नाही. मुनीम एका जागी असला तरी एका ठेवणीत नसे. कधी मांडी घाली, कधी एक गुडघा उभा करी, कधी तक्क्याला रेले. खुर्ची आणि टेबल आले, आणि ही मोकळीक गेली. शिवाय खुर्ची साहेबाबरोबर आली ती साहेबाच्या मापाने. आपल्याकडील बेताच्या उंचीचा माणूस, विशेषतः स्त्री, तीवर बसली की पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते. मग ती पुढे सरकून कडेवर बसते. खुर्चीला पाठ असते, पण बसणारीच्या पाठीला तिचा उपयोग नसतो. भारतीय माणसांच्या शरीराची मापे देणारा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केला. म्हणजे कारागिराला आता मापांची सबब उरलेली नाही.

बसल्याने कंबर का दुखते? आपल्या कण्याला कमरेपाशी आतल्या बाजूस बाक असतो. आधाराशिवाय वाकून बसले की तो बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब वाढतो. नाखेमसन नावाच्या स्वीडिश शल्यवैद्याने हा दाब चकतीत सुई घालून प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकून बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा अधिक दाब आढळला. पाठ आधाराला टेकवून किंचित मागे रेलले की तो उतरला. तेव्हा ‘ताठ बसा’ या जुन्या उपदेशात थोडी दुरुस्ती हवी. ‘टेकून बसा’ हे अधिक खरे.

आता खुर्ची पारखावी कशी? आपण पायातला जोडा घालून, चार पावले चालून मग घेतो. खुर्ची मात्र नुसती पाहून घेतो. सीताबर्डीवर किंवा इतवारीत खरेदीला गेलात तर दुकानात दहा-पंधरा मिनिटे खुशाल बसा. पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे. पाठीचा फुगवटा नेमका कमरेच्या पोकळीत आला पाहिजे. खांदे न उचलता कोपरे टेबलाच्या उंचीला यावीत, आणि हात टेबलाला अडून खुर्ची दूर राहू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात साधकाचे आसन फार उंच नसावे, फार खालीही नसावे असे सांगितले आहे. ते ध्यानासाठी असले तरी कारकुनालाही लागू पडते.

महाग खुर्ची परवडत नसेल तर पायांखाली घरातला पाट ठेवा आणि कमरेमागे टॉवेलची गुंडाळी घ्या. निम्मे काम होते.

आणखी एक गोष्ट खास नागपूरकरांसाठी. आपल्या मे महिन्यात रेक्झिनच्या गुबगुबीत खुर्चीवर तासभर बसून पाहा! जुन्या कचेऱ्यांतील सागवानी, वेताने विणलेली खुर्ची वारा खेळू देत असे आणि अंगाच्या भाराने जराशी लवत असे. १९९४ साली अमेरिकेत एरॉन नावाची जाळीदार खुर्ची निघाली आणि जगभर गाजली. तिच्या जाळीचे मर्म आपल्या वेताच्या विणीत आधीपासूनच होते.

पण उत्तम खुर्चीही न उठणाऱ्याला तारीत नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास डॉ. मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक, जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत कमी, असे त्यांना दिसले. अर्ध्या तासाने उठावे, पाणी प्यावे, चार पावले चालावे. पाण्याचा माठ हाताशी न ठेवता दूर ठेवावा, हा माझा साधा सल्ला.

आता मुख्य मुद्दा. आपण खुर्ची कामाप्रमाणे देत नाही, मानाप्रमाणे देतो. साहेबाला उंच पाठीची, फिरती, वर टॉवेल टाकलेली. आणि साहेब तर निम्मा दिवस बैठकांना व दौऱ्यावर! जो दिवसभर आकडे भरतो त्याला डुगडुगणारी. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या बाईला नुसते स्टूल. दुकानात साड्या दाखविणाऱ्या मुलीला तर तेही नाही. विक्रेत्यांना कामाच्या वेळी बसण्याची सोय द्यावी म्हणून केरळला २०१८ साली आणि तामिळनाडूला २०२१ साली कायदा सुधारावा लागला. बसू द्या, एवढे सांगायलाही कायदा लागावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

जो जास्त वेळ बसतो त्याची खुर्ची चांगली, हा नियम प्रत्येक कचेरीने, दुकानाने आणि घराने पाळावा. घरात अभ्यासाला बसणारी मुलगी आणि शिवणाला बसणारी आई यांच्यापासून आरंभ करता येईल. एका खुर्चीचा खर्च पुष्कळ वर्षे पुरतो. कमरेचे दुखणे मात्र त्याहून अधिक वर्षे पुरते.

आपण इतका वेळ या मंडपातल्या खुर्च्यांवर बसून माझे ऐकलेत. त्या कशा आहेत हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक! म्हणून अधिक न बोलता आपणांस उठण्याची मोकळीक देतो.