यंत्र अडतें तेव्हां काय म्हणतें?

तालुक्याच्या गांवच्या एखाद्या कचेरींत सकाळचे अकरा वाजले आहेत. खिडकीपाशीं दाखल्यासाठीं आलेल्या मंडळींची रांग लागली आहे, साहेबांची सही व्हावयाची आहे, आणि नेमका त्याच वेळीं प्रिंटर थांबतो. तांबडा दिवा लुकलुकूं लागतो व चिमुकल्या पडद्यावर दोनतीन इंग्रजी शब्द उमटतात. कारकून ते वरवर वाचतो आणि बटण बंद करून पुन्हां सुरू करतो. यंत्र थोडा वेळ घरघरतें व तेच शब्द पुन्हां दाखवितें. दुसरा कोणी येऊन ट्रे बाहेर ओढतो आणि आदळून आंत सारतो. तिसरा "कंपनीच्या माणसाला फोन करा" असें सांगून चहाला निघून जातो. पडद्यावरील शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र कोणाच्याच मनांत येत नाहीं. आणि रांगेंतील म्हातारीची दुपारची एस. टी. चुकते.

यांत सारा दोष कारकुनाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या लेझरजेट प्रिंटरांवर एके काळीं "पीसी लोड लेटर" असा एक संदेश उमटत असे. त्यानें इतक्या लोकांना कोड्यांत टाकलें कीं १९९९ सालच्या 'ऑफिस स्पेस' या अमेरिकन चित्रपटांत त्यावर एक विनोदी प्रसंगच रचण्यांत आला. वाचणाऱ्याला वाटे, 'पीसी' म्हणजे टेबलावरचा संगणक आणि 'लेटर' म्हणजे पत्र. संगणकांत पत्र भरावयाचें तें कसें? वस्तुतः 'पीसी' म्हणजे पेपर कॅसेट, अर्थात् कागदाचा ट्रे. आणि 'लेटर' हें कागदाच्या एका मापाचें नांव. ट्रेमध्यें लेटर मापाचा कागद भरा, एवढेंच त्या बिचाऱ्या यंत्राला सांगावयाचें होतें. पडद्यावर जागा आखूड म्हणून शब्द तोडले गेले, आणि तोडलेल्या शब्दांबरोबर अर्थहि तुटला.

तें मॉडेल आतां जुनें झालें, पण तें दुखणें आपल्याकडील कचेऱ्यांत अजून आढळतें. लेटर हें अमेरिकेंत चालणारें माप; त्याची रुंदी २१६ व लांबी २७९ मिलिमीटर. आपल्याकडे चालणारा ए-फोर कागद २१० रुंद आणि २९७ लांब. हें माप १९२२ सालच्या जर्मन प्रमाणांतून आलें व १९७५ सालीं आंतरराष्ट्रीय ठरलें. दोन्ही कागद हातांत घेतले तर फरक सहसा जाणवत नाहीं. यंत्राला मात्र तो जाणवतो. परदेशांतून आलेला एखादा अर्ज, किंवा ज्याचें माप कोणीच बदललेलें नाहीं असा संगणकावरील मजकूर, लेटर मापाचा असतो. तो छापावयास धाडला कीं प्रिंटर तो कागद मागत बसतो, आणि ट्रेमध्यें कोऱ्या ए-फोर कागदांची चळत असूनहि "कागद भरा" म्हणतो. येथें ट्रे आदळून कांहींच साधत नाहीं. संगणकावरील रांगेंतून तें अडलेलें काम रद्द करावें, पानाचें माप ए-फोर करावें आणि मजकूर पुन्हां पाठवावा. अडलेलें काम रद्द केलें नाहीं तर त्याच्यामागून आलेलीं दहा कामेंहि तशींच तिष्ठत राहतात.

प्रिंटरला आपल्यांत काय बिघडलें आहे याचें ज्ञान नसतें. त्याच्या अंगांत जागोजाग बसविलेल्या संवेदकांनीं जें पाहिलें तेवढेंच तो सांगतो. कागद अडकल्याचा संदेश घ्या. कागदाच्या वाटेवर प्लॅस्टिकच्या लहान लहान पट्ट्या असतात. कागद आला कीं पट्टी लवते, गेला कीं उभी राहते. ठराविक क्षणांत ती लवली नाहीं, किंवा लवली ती उठलीच नाहीं, तर यंत्र "पेपर जॅम" म्हणून थांबतें. म्हणून झांकण उघडून पाहतां आंत कागदाचा मागमूसहि नसतो आणि संदेश तर कायम असतो, असा चमत्कार घडतो. अशा वेळीं पूर्वीच्या कागदाचा नखाएवढा तुकडा पट्टीखालीं दबून राहिलेला असतो, अथवा पट्टीची स्प्रिंगच निसटलेली असते. विजेरी घेऊन ती पट्टी शोधावी व बोटानें अलगद हलवून पाहावी. अडकलेला कागद दोन्ही हातांनीं धरून, जमेल तेथवर तो ज्या दिशेनें जात होता त्याच दिशेनें सावकाश ओढावा. घाईनें एका हातानें हिसका देणाराच तो नखाएवढा तुकडा मागें ठेवीत असतो. शाई पक्की करणारा रूळ सुमारें दोनशें अंश सेल्सिअस इतका तापतो, हेंहि ध्यानांत असावें. त्या बाजूचें झांकण यंत्र बंद करून निवल्यावरच उघडावें.

कोंकणांत पावसाळ्यांत हा संदेश वरचेवर दिसूं लागतो, आणि यंत्र म्हातारें झालें असें लोक म्हणूं लागतात. कित्येकदां यंत्र ठणठणीत असतें, कागद दमटलेला असतो. दमट कागदाच्या कडा वळतात, दोन दोन पानें एकमेकांना चिकटून आंत जातात. कागदाचें रीम वेष्टनांतच ठेवावें, लागेल तेवढाच कागद ट्रेमध्यें घालावा, एवढ्यानें निम्मी कटकट मिटते. टोनर संपत आल्याच्या इशाऱ्याचीहि तीच तऱ्हा. पुष्कळ यंत्रें टोनर मोजीत नाहींत. छापलेल्या मजकुरावरून अंदाज बांधतात. अक्षर फिकें पडेपर्यंत कार्ट्रिज फेंकण्याचें कारण नाहीं.

संवेदकांचें ज्ञान किती तोकडें असतें याचा मासला लिनक्स या संगणकप्रणालींत सांपडतो. जुन्या धाटणीचा प्रिंटर तारेवाटें थोड्याच खुणा कळवीत असे: कागद संपला, यंत्र जोडलेलें नाहीं, किंवा कांहीं तरी चुकलें. पहिल्या दोहोंपैकीं एकहि खूण नसून तिसरी तेवढी आली, तर लिनक्स "प्रिंटरला आग लागली आहे" असा संदेश देई! आग कोठेंच नसे. प्रणाली लिहिणाऱ्यांच्या थट्टेखोर परंपरेनें "कारण अज्ञात" याला दिलेलें तें नांव होतें.

टपालावर ठसा उमटविणाऱ्या फ्रँकिंगच्या यंत्राची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेंत आर्थर पिटनी यांनीं १९०२ सालीं अशा यंत्राचें पेटंट घेतलें व १९२० सालीं तेथील टपालखात्यानें त्याला मान्यता दिली. या यंत्रांत दोन आंकडे चालतात. एक आजवर खर्चलेल्या रकमेचा, दुसरा शिल्लक रकमेचा. खर्च १,२५० व शिल्लक २,७५० असेल तर बेरीज ४,०००. आणखी पन्नास रुपयांचे ठसे उमटले कीं १,३०० आणि २,७००, बेरीज तीच. नवी रक्कम भरल्यावांचून ती बदलतां कामा नये. बदलली तर यंत्र कुलूप लावून बसतें. तपासणीची तारीख उलटली किंवा शिल्लक पुरेनाशी झाली तरी तें अडतें. याला बिघाड म्हणणें चूक. हा पहारा आहे. येथें बटण बंद-चालू करण्यांत वेळ न दवडतां दोन्ही आंकडे कागदावर उतरून घ्यावे आणि अधिकृत माणसाला बोलवावें.

संदेश कोणाला मिळावा, हाहि एक मोठाच प्रश्न आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. तो वरचेवर अडे, आणि ज्यांचीं पानें अडलीं ते दुसऱ्या मजल्यावर निश्चिंत बसलेले असत. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनीं पूर्वीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्यें फेरफार करून, कागद अडला कीं खोळंबलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर सूचना उमटावी अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कंपनीनें दिला नव्हता. तो ज्याच्यापाशीं होता अशा दुसऱ्या विद्यापीठांतील एका गृहस्थाकडे स्टॉलमन गेले. पण आपण गुप्ततेचें वचन दिलें आहे, असें सांगून त्यानें नकार दिला. स्टॉलमन यांना ही गोष्ट जन्मभर विसरतां आली नाहीं. १९८३ सालीं त्यांनीं ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. त्या निश्चयामागें प्रिंटरचा हा अनुभवहि होता, असें ते सांगत आले आहेत.

तालुक्याच्या कचेरींतील कारकुनाला एवढी दगदग नको. प्रिंटरच्या शेजारीं सुतळीनें बांधलेली एक वही असावी. तींत तारीख, पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे, आंकडा असल्यास तो, त्या वेळीं ट्रेमध्यें कोणता कागद होता आणि शेवटीं कशानें काम सुरू झालें, हें एका ओळींत लिहावें. कंपनीचा माणूस आला कीं तो प्रथम हेंच विचारतो. आणि चहाहून परतलेल्या तिसऱ्या गृहस्थालाहि वही उघडून मागच्या श्रावणांतली तीच नोंद वाचतां येते.